खाटेखालचे ठोकळे

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, ही रीत आमच्या इंदूरच्या घरात चार पिढ्या चालत आली. लेक सातव्या महिन्यात सासरहून येई आणि सव्वा महिन्याचे बाळ घेऊन परत जाई. २०२३ साली आमच्या लेकीच्या वेळी हा क्रम उलटला. ती नेदरलँड्समध्ये उट्रेख्त येथे नोकरीस. तेव्हा माहेरच तिच्याकडे निघाले.

आयुष्य महसूल खात्यात गेल्याने तयारीचा आरंभ हिशेबानेच झाला. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. फार लवकर जावे तर पुढचे दिवस तोकडे पडणार. उशीर करावा तर बाळ आमच्या आधी पोहोचणार. अखेर छत्तिसावा आठवडा संपता संपता आम्ही उभयता तेथे दाखल झालो. दुसरा पेच डिंकाच्या लाडवांचा. भारतातून जाणाऱ्या प्रवाशास युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तुपातले लाडू बाद. सौभाग्यवतींनी डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा असा कोरडा जिन्नस बांधून घेतला आणि तिकडच्या बिनमिठाच्या लोण्याचे तूप कढवले. ते कणीदार उतरले, हे त्यांनी काहीशा नाखुशीनेच मान्य केले.

खरी धास्ती पुढे होती. लेकीने घरीच बाळंत होण्याचे ठरवले होते. सौभाग्यवतींची मावशी घरच्या बाळंतपणातच गेली. तिचे नाव त्या घरात आजही हलक्या आवाजात घेतात. "ज्यातून बायका सुटल्या, ते तू हौसेने ओढवून घेतेस?" एवढेच त्या म्हणाल्या.

लेकीने वाद घातला नाही. पुढच्या तपासणीस ती आईला बरोबर घेऊन गेली. तेथील सुईण चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा केलेली असते. आईचे प्रश्न लेकीने तिला डच भाषेत सांगितले. उत्तरे नेमकी होती. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी कळा आल्या, तर घरी बाळंतपण नाही. गर्भजल हिरवट दिसले, तर रुग्णालय. कळा पुढे सरकल्या नाहीत, तरी रुग्णालय. निर्णय सुईणीचा.

मग घराची मांडामांड झाली. सुईणीची व घरी येणाऱ्या परिचारिकेची कंबर धरू नये म्हणून खाट लाकडी ठोकळ्यांवर चढवून ७०–८० सेंटीमीटर उंच केली. बाळाचे अंथरूण उबवण्यास गरम पाण्याच्या धातूच्या बाटल्या आणल्या. आमच्याकडील शेगडीची ती तिकडची धाकटी बहीण. बाळंतपणानंतर सुमारे आठ दिवस रोज काही तास परिचारिका घरी येते. तिची नोंदणी काही महिने आधीच झाली होती. आणि घरीच बाळंत व्हायचे असतानाही रुग्णालयाची बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्या बॅगेकडे पाहून सौभाग्यवतींना प्रथमच शांत झोप लागली.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात एका पहाटे पाणी फुटले. ते हिरवट होते. सुईणीने पाहिले आणि रुग्णालयात जायचे म्हणून सांगितले. कोणी का म्हणून विचारले नाही, कोणी रडले नाही. जावयांनी बॅग उचलली. दुपारी नात झाली, मायलेकी सुखरूप. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, तेव्हा ती उंच खाट वाया गेली नाही. परिचारिकेने सगळी देखभाल तिच्यावरच केली. रात्री आणि लाडू आजीकडे राहिले. आल्यागेल्याला जावयांनी तेथील रिवाजाप्रमाणे कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून गुलाबी-पांढऱ्या साखरेत घोळलेली बडीशेप दिली. मुलगा असता तर निळी-पांढरी. तिने दूध येते, असा तिकडचा जुना समज. सौभाग्यवतींनी डब्यातल्या बाळंतशेपा काढून परिचारिकेच्या हातावर ठेवल्या; भाषेची अडचण आली नाही.

आपल्या कित्येक घरांतील लेकीसुना आता दूर देशी आहेत. लाडवांचा जिन्नस अवश्य न्यावा. परंतु बांधाबांध करण्यापूर्वी लेकीला एक गोष्ट विचारून घ्यावी : कोणत्या खुणेवर, कोणी, काय ठरवायचे. ते आधी ठरलेले असले की ऐनवेळी घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसत नाहीत.