औंधला जायचे राहून गेले होते

मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' आम्ही दोघे गेली पंधरा-सोळा वर्षे शिकवीत आहोत. आमच्यापैकी एक साताऱ्यात आणि दुसरी सांगलीत. संवादलय, विरोधलय, समतोललय हे तीन शब्द फळ्यावर लिहायचे, त्यांच्याखाली रेघ ओढायची आणि चित्रकलेतले एखादे उदाहरण द्यायचे. उदाहरण बहुधा कुठल्यातरी पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रावरून घेतलेले असे. अलीकडे भिंतीवर प्रक्षेपकाने चित्र दाखवता येऊ लागले, तेव्हा आपले अध्यापन अद्ययावत झाले असेही आम्हांला वाटले होते. चित्रकाराचे माध्यम म्हणजे रंग-आकारांच्या इंद्रियसंवेदना, हे मर्ढेकरांच्या विवेचनाचे मूळ. ते आम्ही शिकवीत होतो आणि ती संवेदना मात्र आम्हांला कधी झालेली नव्हती. परीक्षेत याने काहीही बिघडत नाही, हे या व्यवहारातले सर्वांत सोयीचे.

वस्तुतः निमित्त दूर नव्हते. औंधचे श्रीभवानी चित्रसंग्रहालय साताऱ्याहून सकाळी निघून दुपारी परत येता येईल एवढ्या अंतरावर आहे. सांगलीहून तासगाव-विट्यावरून जाता येते. शिवाय औंध संस्थान हे आमच्या दोन्ही जिल्ह्यांचे सामायिक संचित. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर त्याच संस्थानातले आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर औंधला शाळेत होते, हे आम्ही कविपरिचयात दरवर्षी सांगत आलो. त्या औंधात काय आहे हे पाहायला मात्र गेलो नव्हतो. यमाईच्या दर्शनाला गेलो होतो, पण देवळाच्या वाटेवर असलेली संग्रहालयाची इमारत 'पुढच्या वेळी' म्हणून मागे टाकली होती.

शेवटी गेलो ते विद्यार्थ्यांमुळे. एकीने तासाला विचारले, "मॅडम, हे मूळ चित्र केवढं आहे?" उत्तर देता आले नाही. पुस्तकात सगळी चित्रे पानाएवढी आणि पडद्यावर सगळी भिंतीएवढी. दोन्ही महाविद्यालयांचे मिळून तीसेक विद्यार्थी न्यायचे ठरले. एका ठिकाणी अर्जावर 'अभ्यासक्रमाशी संबंध स्पष्ट करावा' असा शेरा आला. तो स्पष्ट करणारे दोन पानी टिपण आम्ही दिले आणि परवानगी आली तेव्हा अर्धे सत्र सरले होते.

संग्रहालय 1938 साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारले. राजा स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. 'चित्ररामायण' त्यांनीच काढले. चित्रकारांना बरोबर घेऊन ते अजिंठ्याला गेले, तिथल्या चित्रांच्या नकला करून घेतल्या आणि 1932 मध्ये अजिंठ्यावर पुस्तकही लिहिले. गुंफेत उभे राहून भिंतीवरची एकेक रेषा कागदावर उतरवायची, ही त्यांची अभ्यासाची पद्धत. ती आमच्या पद्धतीच्या नेमकी उलट आहे हे येथे नोंदवलेले बरे.

आत गेल्यावर पहिला धक्का लघुचित्रांचा. किरातार्जुनीयाच्या कथेवरची पहाडी शैलीतली चित्रे तेथे आहेत. भारवीचे नाव आम्हांला पाठ्यपुस्तकातले, आणि अर्जुन-किराताचे युद्ध म्हणजे मनात आपोआप मोठे दृश्य. विद्यार्थी काचेवर वाकले आणि एकजण म्हणाला, "सर, एवढंसं?" उघडून धरलेल्या वहीएवढ्या जागेत डोंगर, झाडे आणि धनुष्य ताणलेली माणसे. ही चित्रे भिंतीवर लावून दुरून पाहायची नव्हेत. हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन, एका वेळी एकाने पाहायची. म्हणजे त्यांचा समतोल आम्ही शिकवीत होतो त्या समतोलाहून वेगळा आहे. नजर एकदम सगळ्या चित्रावर पडत नाही, वाचल्यासारखी सरकत जाते. पडद्यावर हे कधीच कळले नसते, कारण पडद्याने आम्हांला पंचवीस फूट मागे बसवलेले असते.

रविवर्म्यापाशी आमच्या दोघांत मतभेद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. रविवर्म्याला 'कॅलेंडरवाला' म्हणून निकालात काढण्याची सवय आमच्या पिढीला वर्गातच लागली. पण आम्ही जे पाहून हे मत बनवले ती 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातली, पुढे मळवलीहून घरोघरी गेलेली शिळाछापाची चित्रे. त्यांच्याही पुन्हा छापलेल्या नकला. तैलरंग समोर असला की तो जागचा राहत नाही. एका कोनातून नुसती चकाकी दिसते, दोन पावले सरकावे तर त्याच अंधारातून वस्त्राची घडी वर येते. साताऱ्याचा आमच्यातला एकजण तेथेच विरघळला. सांगलीचीने मान हलवली नाही. तिच्या मते उभे राहण्याची ढब, नजरेचा रोख हे सारे रंगभूमीवरचे. रंग कितीही ओले वाटोत, पात्रे प्रेक्षकांकडे पाहूनच उभी आहेत. सांगलीच्या माणसाने हे म्हणावे यात नवल नाही. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' 1843 साली सांगलीतच झाले आणि ते आता कोणालाही जाऊन पाहता येणार नाही. त्या प्रयोगाबद्दल वाचूनच बोलावे लागते, तेथे दुसरा इलाज नाही. चित्रांच्या बाबतीतही आम्ही तसेच वागत आलो होतो, जणू तीही एका रात्री होऊन संपली आहेत.

आणि तरी औंधात एक पेच उरतोच. तेथे युरोपीय शिल्पांच्या प्रतिकृती आहेत. मूळ कृतीसमोर उभे राहण्याचा आग्रह धरून आम्ही आलो, त्या नकलांपुढे काय करायचे? बाळासाहेबांना नकला आणि मूळ यांतला फरक कळत नव्हता असे नाही. हेन्री मूरचे दगडातले 'माता आणि बालक' त्याच संग्रहात आहे. मूरच्या शिल्पाभोवती मुले फिरली. समोरून आई वाटणारा आकार बाजूने नुसता दगड वाटतो, आणखी थोडे फिरावे तर पुन्हा आई. छायाचित्रात हे फिरणेच नसते. प्रतिकृतींकडे आम्ही आधी जरा तुच्छतेने पाहिले. मग लक्षात आले की खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यातला जो माणूस फ्लॉरेन्सला कधीच जाणार नव्हता, त्याच्यासाठी कोणीतरी ते निदान तीन मितींत आणून ठेवले होते. आमच्या वर्गातल्या पुस्तकी चित्रापेक्षा ही नकल कितीतरी प्रामाणिक होती. गेलो नव्हतो ते आम्ही, ज्यांना जाता येत होते.

येताना पुसेसावळीच्या आसपास गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही, भूकही होतीच. मग मागच्या बाजूला रविवर्म्यावरून वाद सुरू झाला, आमच्यापेक्षा जोरात आणि मर्ढेकरांचे नाव न घेता.

यंदा तोच पाठ आला तेव्हा सांगलीच्या वर्गात प्रक्षेपक लावला नाही. किरातार्जुनीयातल्या चित्राएवढा आयत फळ्यावर खडूने काढला आणि आत अंदाजाने डोंगर कुठे, अर्जुन कुठे ते दाखवले. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, काहीच दिसत नाही." मग त्यांना उठून पुढे यायला सांगितले.