बाबांची घडी आणि डॉक्टर ब्राऊनची गाडी

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. शेवटी एक कामाची गोष्टही आहे, विशेषतः सौंसर, रामाकोना, लोधीखेडा, मोहगाव या भागातल्या लोकांसाठी.

माझं माहेर सौंसरचं, सासर पांढुर्ण्याचं. बाबांचं सौंसरला घड्याळ दुरुस्तीचं दुकान. आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात, म्हणून मीही पुढे तसंच लिहिते. आई गेली तेव्हापासून दुकान बंद होतं. बाबा आता ८१ वर्षांचे. आजार म्हणावा असा काही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर चांगली. पण दिवसभर ओसरीत खुर्ची टाकून बसायचे, जेवायला हाक मारली की उठायचे. विचारलं तेवढंच बोलणार. भाऊ म्हणायचा, दुकानाच्या जागेला गिऱ्हाईक आलंय, आतलं सामान काढून टाकू. मी म्हणायची, बाबा आहेत तोवर हात लावू नको, जसं आहे तसं राहू दे. बाबा दोघांचंही ऐकायचे आणि काहीच म्हणायचे नाहीत.

माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो. मे महिन्यात आबाजींना भेटायला आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक खोका होता. जपानी कंपनीची प्लॅस्टिकची किट, ‘बॅक टू द फ्यूचर’ या १९८५च्या इंग्रजी सिनेमातली गाडी, १:२४ मापाची. म्हणजे खऱ्या गाडीचे २४ सेंटिमीटर ते इथे एक सेंटिमीटर. खरी डिलोरियन सव्वाचार मीटरच्या वर लांब, तर ही जेमतेम १८ सेंटिमीटर. सुटीत जोडू म्हणून आणली आणि चार दिवस आंबे खाऊन, खोका ओसरीतच विसरून पोरगं गेलं.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. "ताई, बाबांनी खोका उघडला."

मी आठवड्याने गेले तर बाबांनी ओसरीत जुना पाट मांडलेला, त्यावर पांढरं कापड अंथरलेलं. घडी उघडायची तर खाली पांढरंच कापड पाहिजे, स्क्रू पडला तर दिसतो. या किटमध्ये सुटे भाग नसतात. प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि भाग त्यांना बारीक देठांनी चिकटलेले असतात, कैऱ्या लटकाव्यात तसे. प्रत्येकाजवळ नंबर. कागदावरच्या सूचना जपानीत. मुलाने फोनवर भाषांतर करून पाठवतो म्हटलं तर बाबा म्हणाले, "कायले? आकडे तर आपलेच हायेत." स्विस घडीचे कागद तरी त्यांनी कोणत्या भाषेत वाचले होते!

मला मात्र विचारलं, "हे कोणती गाडी व? मांगं काय पाण्याची मोटर बसवली काय?"

मागून ती तशीच दिसते खरी. सिनेमात डॉक्टर ब्राऊन नावाचा एक झक्की शास्त्रज्ञ या गाडीचं काळात मागे-पुढे जायचं यंत्र करतो, म्हणून तिच्या पाठीवर नळ्या, वायरी, धुराडी. आधी लिहिलेल्या पटकथेत हे यंत्र म्हणजे फ्रिज होता म्हणे. सिनेमा पाहून पोरं फ्रिजमध्ये जाऊन बसतील या धास्तीने तो बदलला. बरं केलं.

गाडीचीही कथाच आहे. बेलफास्टजवळ डनमरी इथे कारखाना. अंगावर रंगच नाही, नुसतं घासलेलं स्टेनलेस स्टील, आणि दारं पंखासारखी वर उघडणारी. सुमारे नऊ हजार गाड्या काढून १९८२ मध्ये कंपनी बुडाली. त्यानंतर तीन वर्षांनी सिनेमा आला आणि गाडी जगभर माहीत झाली. हे ऐकून बाबा म्हणाले, "आपल्या एचएमटीसारखंच." एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनसोबत बंगळुरूला घड्या करायला सुरुवात केली, त्यावर बाबांसारख्यांची घरं चालली. मग क्वार्ट्झ आलं. सेल बदलला की झालं, चावी नाही, ऑइलिंग नाही. २०१६ मध्ये एचएमटीच्या घड्यांचं काम सरकारने बंदच करायचं ठरवलं. आणि आता तीच ‘जनता’, तीच ‘पायलट’ लोक शोधत फिरतात.

आता जोडणीचं सांगते. मी नुसती बघत बसायचे, पण बघण्यासारखं होतं.

किटचा गोंद हा आपल्यासारखा गोंद नसतो. पाण्यासारखा पातळ असतो आणि प्लॅस्टिक किंचित विरघळवतो, म्हणजे दोन तुकडे चिकटत नाहीत, एकजीव होतात. तुकडे कोरडेच जुळवून धरायचे आणि सांध्याच्या एका टोकाला थेंब टेकवायचा, तो आपोआप फटीतून धावतो. बाटलीतला ब्रश बाबांना जाड वाटला. त्यांनी घडीला तेल द्यायची सुई काढली. घडीच्या खड्यात तेल असंच जातं, टेकवलं की ओढलं जातं, जास्त झालं की काम बिघडलं. त्या सुईने त्यांनी गाडीचा अख्खा तळ जोडला आणि कुठे एक डाग नाही. काचांना मात्र हा गोंद नाही लावला. झटपट चिकटणारे गम असतात त्यांच्या वाफेनेही काच धुरकट होते, म्हणून तिथे लाकडाचं साधं फेविकॉल. वाळलं की दिसत नाही.

देठ कापल्यावर जो खुंट राहतो तो रेगमालने घासायचा. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. वहिनी म्हणाली, सकाळी नऊला बसतात ते बारालाच उठतात. कधी नव्हे ते स्वतःहून चहा मागितला.

रंगाला मात्र पावसाने अडवलं. हवेत ओल असली की फवारलेला रंग पांढुरका पडतो. आषाढ गेला, श्रावण लागला, बाबा रोज आभाळाकडे बघायचे. शेवटी एका कोरड्या दुपारी अंगणात प्रायमर आणि चंदेरीचे दोन पातळ हात मारून घेतले. मग प्रश्न आला घासलेल्या स्टीलचा. मुलगा फोनवर म्हणाला, बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने रेघा ओढा. बाबांनी घडीच्या केसवर आयुष्यभर तेच केलेलं. पण ते थांबले. म्हणाले, खऱ्या गाडीवरची रेघच केसासारखी, तिले चोवीसनं भागलं तर दिसन काय? दिसली तर गाडी खोटी वाटन. म्हणून रेघा ओढल्याच नाहीत. सर्वात बारीक पेपर कोरडाच, बोटाच्या वजनाने, पुढून मागे एकदा फिरवला. एवढंच. उन्हात धरली की चमक एका बाजूला सरकते, रेघ दिसत नाही. मुलाने फोटो पाहिला आणि बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "आबाजी, मी आणखी एक पाठवू?"

मधल्या दिवसांत मी त्यांना सिनेमा दाखवला. त्यांना वाटलं होतं गाडीचा सिनेमा असेल, पण तो तर घड्यांपासूनच सुरू होतो. डॉक्टरच्या खोलीत भिंतभर टिकटिक चाललेली आणि सगळ्या घड्या २५ मिनिटं मागे. बाबा पुढे सरकून बसले. कथेत गावच्या कचेरीवर मोठी घडी आहे, १२ नोव्हेंबर १९५५च्या रात्री १० वाजून ४ मिनिटांनी तिच्यावर वीज पडते आणि ती बंद होते. ती १९८५ पर्यंत बंदच. नगराध्यक्ष बदलायची म्हणतो तर गावची मंडळी डबा घेऊन वर्गणी मागत फिरतात, की घडी आमचा वारसा आहे, जशी आहे तशीच राहू द्या.

इथे बाबांनी मला सिनेमा थांबवायला लावला.

"बंद घडी बंदच ठेवासाठी वर्गणी? अन् दुरुस्तीले एक पैसा नाही? त्या गावात एकही घडीवाला नव्हता काय?"

मी म्हटलं, बाबा, पुढे त्याच विजेवर गाडी चालते, घडी बंद पडल्याशिवाय गोष्टच होणार नाही. त्यांना ते पटलं नाही. रात्री जेवतानाही तेच. तीस वर्षं, तीस वर्षं!

गाडी ज्या दिवशी जाते ती तारीख ५ नोव्हेंबर १९५५. आत डॅशबोर्डवर तारखांच्या तीन ओळी असतात: जायचं तिथली लाल, आहोत तिथली हिरवी, निघालो तिथली पिवळी. किटमध्ये त्या कागदावरून पाण्यात सोडवून चिकटवायच्या. तिळाएवढे आकडे. बाबांनी डोळ्याला भिंग लावून ती पट्टी बसवली आणि तसंच भिंगातून बघत म्हणाले, "पंचावन्न साली आपली राजधानी नागपूर होती." मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही सौंसर-पांढुर्णेवाले मध्य प्रदेशात राहिलो. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. "या गाडीत बसलं त नागपूरवाले, उतरलं त भोपाळवाले." आई गेल्यानंतर त्यांनी केलेला हा पहिला विनोद. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात जाऊन हसलो, आणि थोडं रडलोही.

आता दुकानाचं. किटमध्ये बाहेरच्या वायरी प्लॅस्टिकच्याच, अंगाला चिकटून घडवलेल्या. बाबांना ते खपेना. बोटाएवढी जाड केबल असली तर १:२४ मध्ये तार पाऊण मिलिमीटरच्या आसपास हवी, तीही सुटी, हवेत वळलेली. तशी तांब्याची तार दुकानात होती, जुन्या ट्रान्झिस्टरच्या ट्रान्सफॉर्मरची. आणि बारीक भोकं पाडायचं हातड्रिलही तिथेच. म्हणाले, "किल्ली दे."

पोळ्याचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार, म्हणून मी तो दिवस दरवर्षीप्रमाणे सौंसरलाच काढणार होते. भाऊही घरी होता. आम्ही तिघांनी शटर वर केलं. धूळ, उंदरांनी कुरतडलेलं कॅलेंडर, भिंतीवरच्या चार घड्या चार वेगळ्या वेळांना थांबलेल्या. बाबांनी ड्रिल घेतलं, तार घेतली, मग काउंटरखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ओढला. त्यात लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या आणि कधीच न नेलेल्या घड्या. मोजल्या, ३७. प्रत्येकीला दोऱ्याने चिट्ठी बांधलेली, बाबांच्या अक्षरात. ‘रामाकोना, मास्तर, कोहिनूर, काच बदलणे.’ ‘लोधीखेडा, लग्नातली, बंद.’ काही चिठ्ठ्यांवर नुसतं ‘छोट्या गाडीवाले’, म्हणजे नॅरोगेजच्या स्टेशनवरचे कोणी. ती गाडीही २०१५ मध्ये बंद झाली.

भावाने विचारलं, "बाबा, याचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? लोकायच्या हायेत."

त्याच संध्याकाळी तारा बसल्या. रविवारी गाडी पुरी झाली. मागे ‘आउटाटाइम’ असं लिहिलेली नंबर पाटी, एक दार वर उघडलेलं. बाबांनी ती पाचेक मिनिटं पाहिली, बाजूला ठेवली आणि पांढऱ्या कापडावर पहिली कोहिनूर उघडली.

जागा विकायचं आता नक्की आहे. ते बाबांनीच सांगितलं, भावाला आणि मला समोर बसवून. दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली आहे. मला अजूनही वाईट वाटतं, आणि ते मी त्यांच्यासमोर बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, आधी डबा रिकामा होऊ दे.

तर मंडळी, कामाची गोष्ट ही. ३७ पैकी १४ घड्या चालू झाल्या आहेत. सहांचे पार्टच मिळत नाहीत, त्या तशाच परत द्यायच्या. बाकीचं काम चालू आहे. दुकान रोज अकरा ते चार उघडं असतं, काउंटरवर चंदेरी गाडी दिसेल. तुमच्या वडिलांनी, आजोबांनी, मामांनी कधी सौंसरला घडी टाकली होती असं घरात कुणाला आठवत असेल तर या. चिट्ठीवर जो भाव लिहिला आहे तोच घेणार म्हणतात. एकीवर १८ रुपये आहेत. तुमच्याकडची पावती हरवली असली तरी चालेल, पट्टा कसा होता, काच फुटलेली होती की नाही, एवढं सांगा. बाबांना घड्या आठवतात.