‘होतों’ आणि ‘हॅड’

मराठी विद्यार्थी इंग्रजी भूतकाळांत चुकला, कीं नियम पाठ नसल्याचा ठपका त्याजवर येतो. आमच्या मतें तो बहुधा मराठीचाच नियम फार इमानानें पाळीत असतो. ‘मी काल पुण्यास गेलों होतों’ हें आपलें वाक्य निर्दोष आहे. जाऊन परत आल्याची खूण त्या ‘होतों’मध्यें आहे. परंतु तेंच ‘आय हॅड गॉन टु पूना यस्टर्डे’ असें इंग्रजींत उतरलें, म्हणजे वाचक थबकतो. ‘हॅड’ हा दोन गत घटनांपैकीं आधीची घटना दाखवितो. दुसरी कोणती, हें तो शोधूं लागतो. तेथें ‘आय वेंट’ एवढें पुरे.

‘तो काल आला आहे’ हेंहि मराठींत चालतें. इंग्रजींत मात्र ‘हॅज कम’च्या शेजारीं ‘यस्टर्डे’ बसत नाहीं, कारण ‘हॅज’चा दोर वर्तमानाशीं बांधलेला असतो. म्हणूनच दिवंगत वडिलांविषयीं ‘ही हॅज टॉट फॉर थर्टी इयर्स’ असें लिहिणारा मुलगा त्यांना नकळत पुन्हां वर्गांत उभें करतो. तेथें ‘टॉट’ हा एकटा, कठोर शब्दच लिहावा लागतो.

मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं प्रसिद्ध झालें. इंग्रजी काळांचीं कोष्टकें घोकविण्यापूर्वीं मुलांस आपल्या ‘गेला’, ‘गेला आहे’ व ‘गेला होता’ यांतील भेद घरींच विचारावा. तो ज्यास सांगतां येईल, त्यास परक्या भाषेंतील भेदहि लौकर उमगेल.