वहीत त्र्यंबकेश्वर, मनात वायनरी

गाडी ठरवायला गेले तेव्हा ट्रॅव्हल्सवाल्या भाऊंनी वहीत लिहिलं, ‘त्र्यंबकेश्वर दर्शन, दोन दिवस, २७ सीटर’. मी दुरुस्त केलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या आमच्या सोसायटीतून २६ जणांनी नावं दिली होती आणि त्यांतल्या निम्म्यांनी घरी हेच सांगितलं होतं. वायनरी हा शब्द फक्त मला, भाऊंना आणि गाडीच्या मागच्या बाकांना ठाऊक होता.

भाऊंचा हिशेब सरळ होता. दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटर धरणार. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. आमची धाव एकूण ५००च्या आसपास, पैसे ६००चे. ही बातमी पसरताच उरलेल्या १०० किलोमीटरांत वणीची देवी बसते का, अशी विचारणा झाली. बसत नव्हती.

खरी चूक माझ्या हातून झाली ती तारखेची. २०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. नोकरीवाल्यांना लागून तीन दिवस सुटी, म्हणून मी तीच तारीख पक्की केली, बयाणा दिला आणि मग नाशिकच्या वायनरीला फोन लावला. पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली, “मॅडम, सव्वीस जानेवारीला ड्राय डे असतो.” आयुष्यभर झेंडावंदन करून आलेली मी! भाऊंनी बयाणा पुढच्या तारखेला वळता केला, हा त्यांचा मोठेपणा.

मग वार शोधणं आलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. प्रत्येक वाराला कुणाचा ना कुणाचा उपास. रविवारी तिथे जत्रा असते. उरले बुधवार आणि शुक्रवार. मंगळवारी ६ फेब्रुवारीला एकादशी होती, म्हणून तिची पारणी सोडून बुधवारी ७ तारखेला निघालो. नोकरीवाल्यांनी दोन-दोन रजा टाकल्या. आधी देव, मग द्राक्ष, हा क्रम मात्र कुणालाही विचारावा लागला नाही.

पहाटे साडेपाचला गाडी सुटली. वैजापूर, येवला, मग विंचूर. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि विंचूरला वाईन पार्क उभं राहिलं, हे मी माइकवर सांगितलं; तोवर डबे उघडले होते, कुणी ऐकलं नाही. माझ्या मनात मात्र दौलताबाद होतं. चौदाव्या शतकात इब्न बतूताने तिथल्या द्राक्षांबद्दल लिहून ठेवलंय, वर्षातून दोनदा येतात म्हणून. तो दौलताबाद आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आणि द्राक्षं बघायला आम्ही चाललो नाशिकला. आता आमच्याकडे बिअरचे कारखाने आहेत. नळाला पाणी मात्र आठवड्याने.

त्र्यंबकचं दर्शन आटोपून चारच्या सुमाराला गंगापूर धरणाकडच्या सुला वाईनयार्डला पोचलो. सुलाचे संस्थापक राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, १९९७ साली इथे वाईनच्या द्राक्षांची पहिली लागवड केली आणि २००० साली पहिली वाईन बाजारात आणली. मी ११ जणांचं टेस्टिंग सांगितलं होतं. बाकीचे १५ नुसते बघणारे. या आखणीत मला एकच गोष्ट जमली असेल तर ती ही. न पिणाऱ्यांचा विचार आधी केला नाही, तर ते तासभर पर्स सांभाळत बाकावर बसतात आणि परतीच्या वाटेवर त्याचा वचपा काढतात.

पण आमचे १५ बागेतच रमले. तोडणीचा हंगाम होता. निफाडचे जावई असलेले एक काका एकदम मार्गदर्शक झाले. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, वेलाला किती घड ठेवायचे, सगळं त्यांनी सांगितलं. बरोबरचा गाईड मुलगा गप्प ऐकत होता. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. एकीने चाखून बघितला आणि म्हणाली, “ताई, हे बाजारात कुणी घेणार नाही हो.” मुलगा हसला. लाल वाईनचा रंग त्या जाड सालीतूनच येतो, रस सालीसकट आंबवतात. पांढरीला नुसता रस घेतात, हे त्याने सांगितलं. बायकांना ते लोणच्याच्या मुरण्यासारखं लगेच कळलं.

टेस्टिंगच्या टेबलावर मात्र शांतता होती. ग्लास फिरवा, वास घ्या, मग घोट. शनँ ब्लाँ बरी वाटली. शिराझचा घोट घेऊन एक काकू तोंड वाकडं करत म्हणाल्या, “यापेक्षा आमच्या वैद्यांचं द्राक्षासव गोड असतं.” त्यांच्या यजमानांनी उरलेला ग्लास आपल्याकडे ओढला.

दुसऱ्या दिवशी येताना येवल्यात दोन तास गेले. डिक्कीत वाईनच्या चार बाटल्या आणि द्राक्षांच्या नऊ पेट्या होत्या. तीन पैठण्या मात्र कुणी डिक्कीत ठेवू दिल्या नाहीत, त्या मांडीवर आल्या.

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, मार्च उलटू देऊ नका. एप्रिलच्या छाटणीनंतर बागेत नुसत्या काड्या दिसतात.