आधी खाटेवर पडून पाहा



गेल्या आगमन काळात बेळगाव भागातल्या एका रुग्णालयातली मुलांची खोली नीट करून द्यायचं काम आमच्या पॅरिशच्या गटाकडे आलं. कर्करोग, थॅलेसेमिया अशा मोठ्या दुखण्यांची मुलं तिथे येतात, खानापूरची, चंदगडची, निपाणीची. काही तर आठवडेच्या आठवडे राहतात. आम्ही उत्साहाने यादी केली : भिंतीवर पंखवाले देवदूत, मोठे टेडी, फुलझाडांच्या कुंड्या, गालिचा, सुवासिक मेणबत्त्या.

तिथल्या मुख्य नर्सबाईंनी यादी वाचली आणि जवळपास सगळी खोडली. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती उतरलेल्या मुलाला कुंडीतल्या मातीतली बुरशीसुद्धा बाधू शकते. गालिचा आणि न धुता येणारी खेळणी जंतू धरून ठेवतात. उग्र वासाने मळमळ वाढते. मग देवदूतांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "एका मुलीने असंच चित्र बघून आईला विचारलं होतं, 'मीपण आता अशी होणार का?' आईने काय सांगायचं?"

मला बोलता येईना. ते चित्र मीच काढणार होते.

"जरा खाटेवर पडा," त्या म्हणाल्या. मी पडले. डोळ्यांत घुसणारी ट्यूबलाइट, छताला ओलीचा डाग, घरघरणारा पंखा. खिडकी होती, पण उशामागे. मूल दिवसभर हेच बघत होतं. आम्ही मात्र दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला खोली कशी दिसेल, एवढाच विचार केला होता.

नंतर मी थोडं वाचलं. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. १९८२ साली ऑक्सफर्डला एका अँग्लिकन सिस्टरच्या पुढाकाराने हेलन हाऊस सुरू झालं. फक्त मुलांसाठीचं ते पहिलं हॉस्पिस. तिथे मुलांच्या आठच खोल्या होत्या, शिवाय आईवडिलांना राहायची सोय. दवाखान्यापेक्षा घरच वाटावं, अशी ती रचना.

आम्ही नव्याने सुरुवात केली. खाट फिरवली, आता समोर चिंचेचं झाड दिसतं. ओल काढून छताला धुता येणारा फिकट निळा रंग दिला, त्यावर चार पक्षी. ट्यूबलाइटऐवजी मंद करता येणारा दिवा. आईला पाठ टेकायला बाकडं. मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर फळी, तिच्यावर मराठी आणि कानडी चित्रांची पुस्तकं. आणि कोपऱ्यात एक चटई. तिचा एकच नियम : चटईवर कुणीही सुई टोचायची नाही, डॉक्टरांनीही नाही.

नऊ वर्षांचा एक मुलगा त्या चटईवर बसून गाड्या लावायचा. नर्स आल्या की म्हणायचा, "इथे नाही." त्या थांबायच्या. डाव संपला की तो आपणहून उठून खाटेवर जायचा आणि हात पुढे करायचा. तो आज आपल्यात नाही. त्याची आई नंतर मला म्हणाली, "ताई, तेवढी एक जागा त्याची होती."

तेव्हापासून मार्कच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय मी वेगळ्या नजरेने वाचते. याईराच्या घरी येशू गेला तेव्हा आत आकांत चालला होता. त्याने आधी ती गर्दी बाहेर काढली. आईबापांना आणि तीनच शिष्यांना जवळ ठेवलं. मग त्या बारा वर्षांच्या मुलीचा हात धरला. ती उठल्यावर तिला खायला द्या, असंही सांगायला तो विसरला नाही. शांतता, आईबाप, हाताचा स्पर्श, घास. चमत्कार त्याच्या हाती आहे. खोली मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून विनंती, आजारी लेकरासाठी काही करायचं असेल, तर भिंत रंगवण्याआधी खाटेवर पडून पाहा.

हे प्रभू येशू, आम्हाला लेकरांच्या उशाशी बसून त्यांच्या डोळ्यांनी बघायला शिकव. आमेन.