डाव्या बरगडीखालचे दुखणे

मुलाचे पोट दुखू लागले की आपल्याला प्रथम जंत, अपचन किंवा शाळा बुडविण्याचा बहाणा आठवतो. बहुधा ते खरेही असते. परंतु दुखणे डाव्या बरगडीखाली असेल, दीर्घ श्वास घेताना वाढत असेल आणि सोबत ताप असेल, तर तेथे प्लीहा आहे याचे स्मरण ठेवावे. जुन्या पिढीतील स्त्रिया तिला पानथरी म्हणत.

प्लीहेची रक्तवाहिनी तुंबली की तेवढा भाग रक्ताविना मरतो. मुलांमध्ये हे विरळच. मलेरिया, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग अशी कारणे संभवतात. महाराष्ट्रात मात्र सिकलसेलचा विचार आधी करावा. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि प्लीहेच्या अरुंद वाटांत अडकतात. नंदुरबारमध्ये, तसेच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत हा आजार पुष्कळ आढळतो. तिकडची कुटुंबे कामासाठी वाळूजला येतात.

अशाच एका कुटुंबातील नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. डोळे पिवळसर, चेहरा निस्तेज; पोटाला हात लावू देईना. त्याला मी घाटीत पाठविले. सोनोग्राफीत प्लीहेचा मृत भाग दिसला, रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. शस्त्रक्रिया लागली नाही. सलाईन आणि वेदनाशामकांनी तो सावरला.

त्याच्या आजीने सुनेच्या माहेराला बोल लावला होता. मी मुलाच्या वडिलांचेही रक्त तपासून घेतले. दोघेही वाहक निघाले. आजार होण्यास दोष दोघांकडून यावा लागतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे ऐकताच ती माउली हळूच म्हणाली, "डॉक्टर, मला दुसरा महिना आहे." गर्भाची तपासणी साधारण 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास करता येते. त्याच दिवशी मी तिला चिठ्ठी दिली. निर्णय त्या दोघांचा.

प्लीहा निकामी झालेल्या मुलाला न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत गाठतात. म्हणून न्यूमोकोकल लस चुकवू नये, लहानपणी पेनिसिलिन दिले असल्यास मनाने थांबवू नये आणि हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीत चालू ठेवावे. अशा मुलाला ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. मूल एकाएकी पांढरेफटक पडले आणि पोट डावीकडे फुगले, तरीही तसेच. त्या वेळी प्लीहेत रक्त साचत असते.