सातव्या महिन्यात आलेल्या कांदिवलीकरणीस

प्रिय बये,

पत्र तुझ्या नावाने आहे, पण वाचतील तुझी आई आणि चारकोपची आजी, हे धरूनच लिहितो.

तू अठ्ठाविसाव्या आठवड्यात आलीस. तुझ्यासारख्यांना जगवायला मुंबई बऱ्यापैकी शिकली आहे. शीवच्या पालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी उभी केली, ती अशाच किलोभर वजनाच्या बाळांचा विचार करून. डिस्चार्ज मिळाला की घरात पेढे वाटतात. पुढचं कुणी विचारत नाही.

इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा भाग फार नाजूक असतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्याच तर बहुधा पहिल्या तीन दिवसांत फुटतात. रक्तपुरवठा कमी पडला तर शेजारचा पांढरा भाग दुखावतो. पायांकडे जाणारे तंतू त्या पोकळ्यांना अगदी खेटून जातात, म्हणून हात बरे आणि पाय ताठ, असं होतं. सोनोग्राफीच्या कागदावर काय लिहिलंय ते घरच्यांना उमगत नाही. लंगोट बदलताना मांड्या उघडेनात, की आई चपापते.

आजी म्हणेल, ‘आमच्यात सगळेच उशिरा चालतात.’ तिचं निम्मं बरोबर आहे. तुझं वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचं. कॅलेंडरवर सहा महिने झाले, तरी तू तीनच महिन्यांची. पण ह्याच तीन महिन्यांच्या सुमारास एक गोष्ट बघता येते. उताणं, जागं, शांत पडलेलं बाळ सगळ्या अंगाने बारीक चुळबुळ करत असतं. हाइन्झ प्रेख्टल यांनी अशा हालचालींचा आयुष्यभर अभ्यास केला. ती चुळबुळ मुळीच नसेल तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेने हालचाली बिघडण्याची, शंका बळावते. मोबाइलवरचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ पुरतो; बघणारा मात्र त्यात शिकलेला हवा. पूर्वी निदानाला एक-दोन वर्षं जायची. संशोधक आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलं, की सहा महिन्यांच्या आत अंदाज सांगता येतो आणि उपचारासाठी शिक्कामोर्तबाची वाट पाहू नये.

आता व्यायाम. तेल लावून हलक्या हाताने अंग चोळायला माझी हरकत नाही. पण दुसऱ्याने तुझे पाय दुमडले-सोडले, तर त्यातून तू फारसं शिकत नाहीस. खुळखुळा हाताला लागेल-न लागेल इतका दूर ठेवायचा आणि तू धडपडेपर्यंत धीर धरायचा. जागेपणी पालथं ठेवायचं. वॉकर तर आणूच नये. ताठ पायांना तो चवड्यांवर उभं राहायची खोड लावतो.

एक गोष्ट लपवत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात लवकर सुरू केलेल्या अशा उपचार-कार्यक्रमांचा फायदा शाळेआधीच्या वयापर्यंत समजेत दिसला. हालचालींतला फायदा थोडा होता आणि टिकलाही नाही. तेव्हा तू धावशील असं वचन कुणी देत असेल तर ते दुकान सोडावं. पण सांधे आखडू नयेत, तुला भरवता-उचलता यावं, आईला तुझी भाषा कळावी, हे मला पुष्कळ वाटतं.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरातच सुरू झाला, आणि जिल्हा पातळीवर लवकर उपचाराची केंद्रं त्यातच ठरली. तरीही कांदिवलीहून हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत जायचं तर महालक्ष्मीपर्यंत लोकल, पुढे बस किंवा टॅक्सी, कडेवर तू आणि खांद्यावर पिशवी. अशा वाऱ्या किती आया वर्षभर करतील? म्हणून थेरपिस्टने तासभर तुझ्यावर मेहनत घेण्यापेक्षा तो तास आईला शिकवण्यात घालवावा, आणि कांदिवलीच्या शताब्दीसारख्या उपनगरी पालिका रुग्णालयांत ही सोय लसीकरणाइतकी हाताशी असावी, असं माझं म्हणणं आहे.

तुझ्या आईला एवढंच सांगतो: पुढच्या तपासणीला डिस्चार्जचा कागद आणि तो व्हिडिओ बरोबर न्या. डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी झाली का, तेही विचारा. ‘बघू, मोठी होऊ दे’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

तुझा,
एक शेजारी